शुक्रवार, दुपारी तीनपर्यंत

दत्ताराम पालशेतकरांना त्या बोटीवर एकटं ठेवणारी मीच.

म्हणजे बोट माझी नाही, समुद्र माझा नाही आणि ज्या देशाचा झेंडा तिच्यावर आहे तो देशही माझा नाही. मी त्या देशाच्या अबू धाबीतल्या एम्बसीत काम करते, एवढाच माझा संबंध. पॅसिफिकमधली चार-सहा बेटं. सगळी माणसं एकत्र उभी केली तर आमच्या वसईत संताच्या सणाला होते तेवढी गर्दी होईल. एम्बसी म्हणजे एका व्हिलाचा तळमजला, दोन खोल्या, आणि आम्ही तिघं. अँबॅसेडर, ज्यांना आम्ही नुसतं मॅडम म्हणतो. केरळचा नूरुद्दीन, जो गाडी चालवतो, कागद घेऊन सरकारी ऑफिसांत जातो आणि ज्याच्याकडे किल्ल्या असतात. आणि उरलेलं सगळं करणारी मी, क्रिस्टिना.

देश लहान असला तरी त्याचा झेंडा जगभरच्या शेकडो बोटींवर आहे. फी भरली की कुणालाही मिळतो. बोटीचा मालक भलत्याच देशाचा, माणसं तिसऱ्याच देशांची, झेंडा आमचा. सगळं सुरळीत असतं तोवर या झेंड्याकडे कुणी बघत नाही. मालक पळाला की मग सगळे बघतात.

पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कान बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या एका मालवाहू बोटीचा मालक गेल्या सप्टेंबरपासून फोन उचलत नव्हता. मार्चमध्ये एक दिवस ऑफिसात फोन आला. पलीकडची बाई पाठ केलेलं इंग्लिश बोलली, "माय हजबंड शिप, प्लीज हेल्प," आणि थांबली. तिच्या मागे कोंबडा आरवला. मी मराठीत म्हटलं, बोला ताई, मी वसईची. मग ती रडायला लागली. ती नर्मदा पालशेतकर, गुहागरच्या पुढच्या एका वाडीतली.

तिथून दत्तारामांचे व्हॉइस नोट सुरू झाले. व्हॉट्सअॅपचा कॉल इथे लागत नाही, पण व्हॉइस नोट जातो. बोटीच्या वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात सिग्नलची एक काडी मिळते, तिथे उभे राहून ते बोलायचे. बावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं बोटींवर गेलेली. मला क्रिस्टिनाबाय म्हणायचे. तक्रार अशी करायचेच नाहीत. सांगायचे ते असं, की आज डिझेल संपलं म्हणून जनरेटर बंद, पण वारा चांगला आहे. आज तांदूळ आला, पण मीठ विसरले, तर इथे काय मिठाला तोटा आहे का, सगळीकडे पाणी खारंच.

माझा धाकटा, ट्रॉय, तेव्हा तीन महिन्यांचा होता. त्याला पाजताना मी ते नोट ऐकायचे, एका कानात.

जुलैमध्ये बोटीवर चारच माणसं उरली होती. आपल्या भारतीय कॉन्सुलेटने धावपळ करून त्यांना उतरवायची परवानगी मिळवली, पण तिघांनाच. नांगरलेली बोट पूर्ण रिकामी सोडता येत नाही, कुणीतरी राखणीला राहावंच लागतं. त्या चौथ्या माणसाला सोडवायचं तर बदली राखणदार पाठवायची जबाबदारी बोटीच्या झेंड्याच्या देशाने लेखी घ्यायला हवी. म्हणजे आम्ही.

नेमक्या त्याच आठवड्यात एक मसुदा आला. पंधरा-सोळा छोट्या देशांनी मिळून खलाशांच्या हक्कांबद्दल एक निवेदन करायचं ठरवलं होतं. आमच्या झेंड्याखालच्या कुठल्याही बोटीवर माणसं टाकून दिली गेली तर आम्ही त्यांना घरी पोचवू, असं वचन. शेवटी अशा बोटींची यादी, आणि यादीत सातवी आमची बोट.

मी नर्मदाताईंना लगेच फोन केला. म्हटलं, यादीत नाव आलं.

आपल्याकडे यादीत नाव येणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. कॉलेजची यादी असो, नोकरीची असो, व्हिसाची असो. नाव लागलं की पेढे. त्यांनी वाडीत नारळ फोडला. मीही घरी जाऊन नेल्सनला, माझ्या नवऱ्याला, आनंदाने सांगितलं. मसुदा आणि निर्णय यांत फरक असतो हे मला, एम्बसीत दोन वर्षं काढलेल्या बाईला, कळू नये?

त्याचा परिणाम मला चार दिवसांनी कळला. मागे कोण राहणार ते ठरवायला बोटीवर त्यांनी काड्या ओढल्या होत्या. छोटी काडी आली अरुणला, म्हणजे त्यांच्या स्वयंपाक्याला. त्याला मूतखड्याचा त्रास. दत्तारामांनी त्याची काडी आपल्या हातात घेतली आणि आपली त्याला दिली. मला सांगताना हसत होते. "तू यादीत नाव आलं म्हणालीस ना गो बाय? मग पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय. मी हाय ना हितं."

तिघं लाँचमधून गेले. ते एकटे राहिले.

पंधरा दिवसांचे तेवीस झाले. ऑगस्ट लागला. इथला ऑगस्ट ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. आम्ही गाडीतून लिफ्टपर्यंत जातो तेवढ्यात माझ्या मुलीच्या, टेसाच्या, केसांतून घाम गळतो. ते तर लोखंडावर होते, पंख्याशिवाय. रात्री डेकवर ओला टॉवेल अंगावर टाकून झोपायचे. दिवसाला किती बाटल्या पाणी प्यायले ते मी रोज विचारायचे, आणि ते रोज एकच आकडा सांगायचे, त्यामुळे माझा विश्वास उडाला होता.

एक काम मात्र ते न चुकता करत होते. सकाळी झेंडा चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा. "तुझ्या देशाचा झेंडा पार विटला गो," एकदा म्हणाले. "निळा होता का हिरवा तेवढं सांग. कुणी विचारलं तर सांगता आलं पायजे."

निळा होता.

अशा निवेदनांची एक पद्धत असते, ती मला मॅडमनी तेव्हा समजावली. शेवटचा मसुदा सगळ्या देशांना पाठवतात आणि एक वेळ ठरवून देतात. तोपर्यंत कुणी हरकत घेतली नाही तर तो सगळ्यांना मान्य. सही नको, मतदान नको, गप्प बसलात म्हणजे हो म्हणालात. हरकत असेल तर त्या वेळेआधी मेल करायचा. आमच्या मसुद्याला वेळ दिली होती शुक्रवारी, इथल्या घड्याळाने दुपारी तीन.

मी ते ऐकून निश्चिंत झाले. गप्पच तर बसायचं होतं.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या राजधानीतून हुकूम आला. हरकत घ्या, आपली बोट यादीतून काढायला लावा.

कारण मॅडमनी लपवलं नाही. आमच्या देशाकडे गस्तीची एकच बोट आहे, तिचं इंजिन दोन वर्षांपासून बंद. परदेशी ट्रॉलर रात्री येऊन बेटांजवळची मासळी ओरबाडून नेतात, आणि एक पोलीस किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन बघत बसतो. मॅडमचे मोठे भाऊ मासेमारी करायचे. त्यांच्या होडीवर असाच एक ट्रॉलर चढला, ते सापडले नाहीत. आता एक मोठा देश गस्तीची नवी बोट फुकट द्यायला तयार झाला होता. रविवारी त्या मोठ्या देशात सह्या होत्या. आणि पळालेला मालक त्याच मोठ्या देशातला, चांगल्या ओळखीपाळखीचा. त्याची बोट जगासमोरच्या यादीत नको, असं कुणीतरी कुणालातरी सुचवलं होतं.

"एक बोट मिळवायची तर एक बोट विसरायची," मॅडम म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी विचारलं, त्या बोटीवर माणूस आहे हे राजधानीत माहीत आहे का. त्या म्हणाल्या, मी तीनदा लिहिलंय.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला त्यांनी मला बोलावलं. त्यांचं दीडचं विमान होतं, सह्यांसाठी. हरकतीचा मेल त्यांनी लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता, चार ओळींचा. त्या हळू, एकेक शब्द तोलून बोलल्या.

"हा मेल तीनच्या आत एम्बसीच्या अकाउंटवरून जायला हवा. तुला तसं सांग असं मला सांगितलंय, आणि मी तुला सांगतेय."

मी मान हलवली. त्यांनी बॅग उचलली, दारापाशी गेल्या आणि थांबल्या.

"शुक्रवारी तुम्ही बाराला बंद करता ना?"

"हो मॅडम. जुम्मा असतो."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "बाराला बंद व्हायलाच हवं."

आणि गेल्या.

मी खुर्चीतच बसून राहिले. त्या काय बोलल्या? आत्ताच पाठव, बाराला बंद होईल, असं? की बाराला बंद होऊ दे, असं? मी त्यांचा चेहरा आठवून बघितला. चेहऱ्यावर काही नव्हतं. पंचवीस वर्षं हेच काम केलेल्या बाईचा चेहरा. नुसता हुकूम मोडायचा असता तर त्यांनी ड्राफ्ट लिहिलाच नसता. पण पाठवायचाच असता तर स्वतःच का नाही पाठवला? बटण त्यांच्याही बोटाखाली होतं.

पावणेबाराला नूरुद्दीन टोपी घालून आला. "यल्ला, खलास करते हैं." तो शुक्रवारी एसी, प्रिंटर, राउटर सगळं बंद करून कुलूप लावतो आणि मशिदीत जातो. मी म्हटलं, एक मेल है. तो म्हणाला, भेज दो, मैं रुकता हूँ. आणि खरंच दारात उभा राहिला, घड्याळाकडे न बघता. त्याच्या नमाजाची वेळ होत होती. मी लॅपटॉप बंद करून पिशवीत टाकला आणि म्हटलं, घरून पाठवते.

म्हणजे ठरवलं नाहीच. पुढे ढकललं.

अल रीमला आम्ही एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. हॉल दुसऱ्या कुटुंबाला दिलाय, ते सुट्टीवर वसईला गेले होते, म्हणून घर त्या दिवशी आमचंच होतं. शेजारच्या ताजबी ट्रॉयला सांभाळतात. मी त्याला घेऊन आले, टेसाला जेवायला वाढलं, आणि लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडून ठेवला. एक वाजून दहा मिनिटं. ड्राफ्टमध्ये एक.

नेल्सनला फोन केला. तो हॉटेलात बँक्वेटला आहे, शुक्रवारी त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, पण उचलला. मी सगळं सांगितलं. मागे काट्याचमच्यांचा आवाज येत होता. तो माझ्यावर ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे आठवण करून दिली की त्याचा व्हिसा एकट्याचा आहे. पोरं माझ्या व्हिसावर आहेत. माझी नोकरी गेली तर महिन्याभरात टेसा आणि ट्रॉय वसईला, त्याच्या आईकडे, आणि पुन्हा कधी एकत्र येऊ ते देवाला ठाऊक.

"क्रिस, तो झेंडा आपला नाही," तो म्हणाला. "पोरं आपली आहेत."

मग त्याला कुणीतरी हाक मारली.

दोनला दत्तारामांचा नोट आला. मी ऐकणार नव्हते. ट्रॉयला खांद्यावर थोपटत होते, तो झोपेला आला होता, आणि बोट लागून तो वाजला. आवाज घोगरा होता, मधेमधे थांबत होते. सकाळी उठताना चक्कर आली, रेलिंगला धरून बसलो, आता बरं वाटतंय. शिडीवरून खाली झेंडा उतरवायला जायला आज जमणार नाही बहुतेक, संध्याकाळी तसाच राहिला तर चालेल का, तुमच्या सरकारचा काही नियम असेल तर सांग. आणि नर्मदेला चक्कर आल्याचं सांगू नको.

तुमच्या सरकारचा नियम.

मी ट्रॉयला पलंगावर ठेवलं, दोन बाजूंनी उशा लावल्या आणि ओट्यापाशी आले. दोन वाजून वीस. ड्राफ्ट उघडला. चार ओळी होत्या, सगळ्या सभ्य. 'खेदपूर्वक' होतं. 'या टप्प्यावर' होतं. माणूस कुठेच नव्हता. मी बाण 'सेंड'वर नेला आणि काढला. पुन्हा नेला. खरं सांगते, तेव्हा मी दत्तारामांचा विचार करत नव्हते. मी टेसाच्या शाळेच्या युनिफॉर्मचा विचार करत होते, नवा घेतलेला, अजून टॅग न काढलेला. एक बटण दाबलं की तो युनिफॉर्म तिच्या अंगावर राहणार होता.

मग वाटलं, आणि दत्ताराम? ते यादीवर विसंबून राहिले नव्हते. यादी त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. ते माझ्या शब्दावर राहिले होते.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी फोन वाजला. आमच्या राजधानीचा नंबर, पहिले तीन आकडे मला पाठ आहेत. तिकडे रात्रीचे अकरा होत आले होते, म्हणजे कुणीतरी या मेलसाठीच जागं होतं. मी उचलला नाही. थांबला. पुन्हा वाजला. ट्रॉय कुरकुरला. मला फोन सायलेंट करणंही सुचलं नाही. हाताशी तांदळाचा डबा होता, त्यात फोन खुपसला, वर तांदूळ ओढले आणि झाकण लावलं.

डबा वाजत राहिला.

टेसा रंगाचा खडू हातात घेऊन दारात आली. तिने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"मम्मा, व्हाय इज द राइस रिंगिंग?"

मी तिला म्हटलं, शू, ट्रॉय उठेल. ती लगेच ओठांवर बोट ठेवून माझ्याशेजारी जमिनीवर बसली, पाठ फ्रिजला टेकून. मला वाटतं तिला तो खेळ वाटला. आम्ही दोघी तशा बसलो. डबा पाचदा वाजला. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचे, नाही.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. दोन एकोणसाठ किती वेळ दोन एकोणसाठच राहिलं.

तीन वाजून सात मिनिटांनी मेल आला. ठरलेल्या वेळेत कुणाचीही हरकत न आल्यामुळे मसुदा मान्य झाला आहे, सर्वांचे आभार. खाली यादी. सातवी आमची बोट.

मला आनंद वगैरे काही झाला नाही. मी बेसिनपाशी जाऊन ओकले. टेसाने पाण्याचा ग्लास आणून दिला, रंगीत बोटांचे ठसे उमटलेला.

त्यानंतरचे दोन दिवस मी कसे काढले विचारू नका. नेल्सनला रात्री सांगितलं. मग उठून त्याने टेसाच्या युनिफॉर्मचे टॅग कापले. शनिवारी मी बंदरातल्या एका धर्मादाय क्लिनिकला फोन करून दत्तारामांना चक्कर आल्याचं सांगितलं, त्यांनी लाँचने सलाइन आणि बर्फ पाठवला. रविवारी सह्यांची बातमी शोधत होते. बातमी नव्हती.

सोमवारी मॅडम माझ्याआधी ऑफिसात येऊन बसल्या होत्या. बसमध्ये मी तीन उत्तरं तयार केली होती, इंटरनेट, पोराचा ताप आणि गैरसमज. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि तिन्ही विसरले.

"मॅडम, मी तो मेल..."

त्यांनी हात वर केला. "मी तुला मेलचं विचारलेलं नाही. राजधानीला खुलासा हवाय, मी लिहितेय. शुक्रवारी ऑफिस किती वाजता बंद झालं?"

"बाराला."

"कुलूप कुणी लावलं?"

"नूरुद्दीनने."

त्यांनी तेवढं लिहिलं. मग म्हणाल्या, सह्या पुढे ढकलल्यात, तांत्रिक कारणाने. कधीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांच्या टेबलावर भावाचा फोटो आहे, होडीच्या टोकावर बसलेला. तो फोटो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. त्या समुद्रावर अजूनही एकच पोलीस आहे, दुर्बीण घेऊन. हेही माझ्याच खात्यावर.

मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. जबाबदारीचं पत्र. मी शिक्का मारला. नूरुद्दीन ते घेऊन त्याच दुपारी पूर्व किनाऱ्याला गेला.

बदली राखणदार मिळायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी दत्तारामांचा नोट आला. मागे गाड्यांचा आवाज होता. मला आधी कळेना की वेगळं काय आहे, मग कळलं, वारा नव्हता.

"बाय, जमीन हलते गो," ते म्हणाले. "मी हितं भिंतीला धरून उभा हाय आनी लोक हसतायत. हसू देत."

जाताना ते विमानतळावर नूरुद्दीनकडे एक प्लास्टिकची पिशवी देऊन गेले. आत झेंडा, चौकोनी घडी घातलेला, कडेला पांढऱ्या दोऱ्याने टाके घातलेले. एम्बसीला परत द्या, असा निरोप. मी तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी घडी उघडली, खिडकीकडे धरला. निळा म्हणता येईल असं त्यात काही उरलं नव्हतं.

सप्टेंबरच्या अखेरीस मॅडमना परत बोलावलं, मुदतीआधी. झेंडा त्या घेऊन गेल्या. नवे अँबॅसेडर डिसेंबरमध्ये येणार आहेत, माझं कॉन्ट्रॅक्टही डिसेंबरलाच संपतं. ड्राफ्टमधला तो मेल अजून तिथेच आहे. पुसला तर कुणी पुसला ते दिसेल, ठेवला तर कधीतरी कुणीतरी उघडेल. मी रोज सकाळी आधी तो बघते, मग बाकीचे.

परवा नर्मदाताईंनी वाडीतल्या कुणाबरोबर तरी सुके बोंबील पाठवले. ट्रॉय रांगायला लागलाय, पिशवी त्यानेच फाडली. आणि घरात कुणाचाही फोन वाजला की टेसा अजून आधी तांदळाच्या डब्याकडे बघते.